खोडलेलंही छापून दे

उद्या सकाळी बागेच्या करारासाठी घनसावंगीकडची माणसं येणार आहेत म्हणालीस. मोसंबीची बाग, व्यापारी बाहेरगावचा, मसुदा दोनदा इकडून तिकडं फिरून आलेला. मग आज शटर ओढायच्या आधी थोडी बस बाई माझ्याजवळ. अंबडच्या तहसीलपुढं मी उभी हयात टंकलेखनात घातली, आधी मशिनवर आणि मग संगणकावर. दुकान आता तुझं आहे. त्याच्याबरोबर एक सवय तुझ्या पदरात टाकायची आहे. सही करणाऱ्या माणसाला नुसता सुधारलेला कागद देऊ नको. आधी काय होतं आणि आता काय झालं, दोन्ही एकाच कागदावर छापून दे.

मशिनवर हे आपोआप व्हायचं. शब्द चुकला की त्याच्यावर आडव्या रेघा, वरच्या मोकळ्या जागेत नवा शब्द, आणि समासात दोघांच्या छोट्या सह्या. कागद दिसायला वाईट दिसायचा, पण कुठं हात लागलाय ते न वाचताही कळायचं. नोंदणीच्या कायद्यालाही तेच हवं आहे. १९०८च्या नोंदणी अधिनियमाचं २०वं कलम त्याचंच आहे. दस्तात खाडाखोड असेल, दोन ओळींच्या मध्ये काही घातलेलं असेल किंवा जागा कोरी सोडलेली असेल आणि त्या ठिकाणी लिहून देणाऱ्यांची सही नसेल, तर नोंदणी अधिकारी तो दस्त परत करू शकतो. संगणक आला आणि कागद स्वच्छ झाला. कुठं हात लागला होता, तेही त्याच्याबरोबर गेलं.

माझ्या हातून घडलेलं सांगतो. दोन भावांचं वाटणीपत्र होतं. पहिला मसुदा दोघांनी समोर बसून वाचला. त्यात विहिरीत दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी थोरला एकटाच आला, म्हणाला, हिस्सा नको, पाळीनं पाणी लिहा, आमचं ठरलंय. मी बदललं. स्वच्छ प्रत काढली. धाकट्यानं पहिला कागद वाचलेला होता, तोच हा, असं समजून त्यानं सही केली. त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि मग त्यानं कागद वाचला. माझ्याकडं आला तेव्हा भांडला नाही. एवढंच म्हणाला, भाऊ, तुम्ही तरी बोट ठेवून दाखवायचं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून बदल दाखवल्याशिवाय एक कागद मी सहीला दिला नाही.

आता हाताचं काम. मसुद्याची पहिली प्रत दोघांनी मान्य केली की त्याच क्षणी वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ई दाबायचं, म्हणजे ट्रॅक चेंजेस सुरू होतं. आधी नाही, कारण तुझ्या स्वतःच्या टायपिंगच्या चुका त्यात दिसल्या तर खरा बदल त्या गर्दीत हरवतो. सुरू केलं की वर रिव्ह्यूमध्ये बघ, बहुतेक वेळा सिंपल मार्कअप निवडलेलं असतं. त्यात समासात नुसती एक लाल रेघ दिसते आणि मजकूर सुधारलेलाच दिसतो. तिथं ऑल मार्कअप कर. पुष्कळ मुलं इथंच फसतात. पडद्यावर लाल रेघ दिसली म्हणून निश्चिंत होतात, आणि छापून येतो तो स्वच्छ कागद.

छापताना प्रिंटच्या पानावर 'प्रिंट ऑल पेजेस' लिहिलेल्या चौकटीवर टिचकी मार. यादी उघडते, तिच्या अगदी तळाशी 'प्रिंट मार्कअप' आहे. त्याच्यापुढं खूण असलीच पाहिजे. त्याच यादीत 'लिस्ट ऑफ मार्कअप' असतं. ते निवडलं तर मूळ मजकूर येत नाही, फक्त कोणी काय घातलं आणि काय काढलं याची यादी छापून येते. लांबलचक दस्ताला ती यादी वेगळी काढून जोडत जा. लिब्रेऑफिस वापरलंस तर काम सोपं आहे, पडद्यावर बदल दिसत असतील तर तसेच छापून येतात. पीडीएफ करताना मात्र वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'डॉक्युमेंट शोइंग मार्कअप' निवडायला विसरू नको.

यादीत नाव कोणाचं येतं, तिकडं लक्ष दे. आपला संगणक एकच, त्यामुळं सगळे बदल दुकानाच्या नावावर पडतात, आणि उद्या कोणी म्हणेल की हे टायपिंगवाल्या बाईनंच घातलं. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून बदल करतेस ते ओळखून आधी फाइल, ऑप्शन्स, जनरलमध्ये जाऊन नाव बदलायचं. माणसाचं नाव नको, दस्तातलाच शब्द घाल: 'लिहून देणार' किंवा 'लिहून घेणार'. ऑफिसमध्ये लॉगिन केलेलं असेल तर त्याच्याखालच्या चौकटीत खूण करावी लागते, नाहीतर जुनंच नाव चालू राहतं. आपला प्रिंटर काळा-पांढरा, त्यात लाल आणि निळा दोन्ही राखाडीच दिसतात. बदल कोणाचा हे रंगावर सोडलं तर कागदावर काहीच उरत नाही.

आता मराठीपुरतं सांगतो. ही गोष्ट इंग्रजी टायपिंग शिकवणाऱ्यांनी मला कधी सांगितली नाही, मी कागद वाया घालवून शिकलो. वर्ड नव्या शब्दाला खालून रेघ मारतो. इंग्रजीला ते चालतं. आपल्या अक्षरांच्या पोटाखाली उकार असतात आणि ऋकार खाली लोंबतो. रेघ त्यांच्यावरून गेली की 'कु' आणि 'कू' सारखेच दिसतात. ट्रॅकिंगच्या कोपऱ्यातला लहान बाण दाबून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा, आणि घातलेल्या मजकुरासाठी रेघ काढून ठळक अक्षर निवड. काळ्या-पांढऱ्या कागदावर ठळक अक्षर लांबूनही उठून दिसतं.

काढलेल्या शब्दावरची आडवी रेघ राहू दे, पण ती काय करते ते ओळखून अस. 'व' वर रेघ बसली की घाईत तो 'ब' वाटतो, 'प' मध्ये 'ष'चा भास होतो. म्हणून एखादं अक्षर किंवा मात्रा बदलायची वेळ आली तरी अख्खा शब्द खोडून अख्खा शब्द नव्यानं टाक. नुसती वेलांटी बदललीस तर जुनी आणि नवी दोन्ही चिन्हं एकाच अक्षराला चिकटतात, कधी कधी मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं आणि शब्द कोणालाच वाचता येत नाही. जुन्या फाँटमधल्या फाइलींत तर हे फार होतं, कारण तिथं एका अक्षराचे तुकडे वेगवेगळ्या कळांवर असतात. अशी जुनी फाइल आली की आधी युनिकोडमध्ये आण, वाचून घे आणि मगच बदलांची नोंद सुरू कर.

आकड्यांना तर जास्तच जपायचं. क्षेत्र ४० आरचं ६० आर झालं आणि तू फक्त ४ खोडून ६ घातलास, तर कागदावर येतं ४६०, त्यातल्या पहिल्या आकड्यावर एक बारीक रेघ. टोनर फिका असेल तर ती रेघही दिसत नाही. '४० आर' पूर्ण खोड, '६० आर' पूर्ण टाक, आणि पुढं अक्षरी साठ आर लिही.

उद्याच्या करारात मला भीती आहे ती एका शब्दाची. आपल्या मोसंबीचे दोन बहार. आंबियाची फुलं थंडी सरताना येतात, मृगाची पावसाच्या तोंडावर. बाग कोणत्या बहाराची दिली, त्यावर फळ कधी उतरणार, पाणी कोणाच्या जिवावर द्यायचं आणि बाग मोकळी कधी होणार, हे सगळं अवलंबून. पहिल्या मसुद्यात आंबिया आणि परत आलेल्या फाइलीत मृग असेल, तर बाकीची सगळी पानं तंतोतंत जुळूनही व्यवहार वेगळाच झाला. असा शब्द स्वच्छ प्रतीत डोळ्याखालून निघून जातो. खोडलेला आंबिया आणि त्याच्या शेजारी ठळक मृग असं छापलं, तर बागवाल्याची नजर तिथं अडल्याशिवाय राहत नाही.

आणि व्यापाऱ्याकडून व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलीत जे बदल दिसतील तेवढेच बदल झालेत असं समजू नको. त्यानं नोंद बंद करून काही बदललं असेल, कपट मनात नसतानाही असं होतं. आपण पाठवलेली फाइल आपल्याकडं असतेच. रिव्ह्यूमध्ये कंपेअर आहे, त्यात आपली जुनी आणि त्याची आलेली अशा दोन फाइली दे. दोन्हींतला सगळा फरक ते खोडलेल्या आणि घातलेल्या मजकुरासारखा समोर मांडतं. ते छाप. माझ्या शेवटच्या काही वर्षांत मी बाहेरून आलेली प्रत्येक फाइल आधी यातून काढायचो, ओळखीच्या माणसाचीसुद्धा.

समासाचं राहिलं. बदलांचे फुगे बाजूला निघतात तेव्हा त्यांना जागा व्हावी म्हणून वर्ड मजकूर आक्रसून छापतो. पान ए-फोर असलं तरी अक्षर मुंगीएवढं होतं. इथं मला नेहमी जांबेची आठवण येते. आपल्याच घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ, समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास त्यांनी लिहिण्याच्या कामावरच खर्ची घातला आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढलं तर म्हातारपणी ते उपयोगाचं राहत नाही, म्हणून मध्यम काढावं, हे त्यात आहे. पानाच्या भोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, हेही आहे. बोरूनं लिहिणाऱ्यांसाठी सांगितलेलं, पण आपल्या दुकानात रोज कामी येतं. सही करणारा बहुधा साठीचा असतो, चष्मा घरी विसरलेला. त्याच्यासाठी शो मार्कअपमध्ये बलून्सखाली 'शो ऑल रिव्हिजन्स इनलाइन' निवड. फुगे जातात, बदल ओळीतच दिसतो, अक्षराचा आकार टिकतो. टिपा, म्हणजे कॉमेंट्स, फार असल्या तरच फुगे ठेव, आणि तेव्हा कागद आडवा घे. डावीकडची जागा रुंद सोड, फाइलीला भोक तिथं पडतं आणि छोट्या सह्यांनाही तिथंच जागा लागते.

या कागदाच्या वरच्या पट्टीत 'कच्चा मसुदा, बदलांसह' आणि तारीख घालायची. मजकुरामागं फिकट मोठी अक्षरं घालू नको, त्यानं मात्रा झाकल्या जातात. दोन प्रती काढ. मोठ्यानं वाच, आणि प्रत्येक बदलाशी थांबून आधी खोडलेलं वाच, मग घातलेलं. माणूस हो म्हणाला की तिथंच समासात दोघांची छोटी सही घे.

मुद्रांकावरची प्रत सगळ्यांत शेवटी. बदल नुसते नजरेआड करून ती छापू नको. नो मार्कअप केलं तर पडद्यावरून जातात, फाइलीत मात्र राहतात, आणि ती फाइल ज्याच्याकडं जाईल त्याला 'आधी काय भाव मागितला होता' तेही वाचता येतं. एकदा माझ्याकडून खोडलेल्या शब्दांसकट मजकूर मुद्रांकावर उतरला होता. तो कागद वाया गेला आणि पक्षकाराला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. त्यामुळं बदलांची फाइल तशीच ठेवून तिची दुसरी प्रत कर. तिच्यात 'ॲक्सेप्ट ऑल चेंजेस अँड स्टॉप ट्रॅकिंग' दे, टिपा वेगळ्या पुस, आणि आधी साध्या कागदावर काढून बघ. ठीक असेल तर मुद्रांक प्रिंटरमध्ये घाल.

सह्या झालेला कच्चा मसुदा टाकून देऊ नको. गट नंबर लिहून लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेव, माझेही तिथंच आहेत. उद्या माणसं आली की आधी व्यापाऱ्याला नको, बागवाल्या बाबांना खुर्ची दे, पाणी दे, आणि कागद त्यांच्या हातात दे. प्रिंटरच्या खणात अजून पंधरा-वीसच कागद दिसतायत. रीम आत्ताच फोडून ठेव, सकाळी गर्दीत राहून जाईल.