वाट दाखवणारे यंत्र : दुचाकीवरील जोडणी

१९०१ साली बालवयातील बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि दोन भाचे साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्थानकावर उतरले, तर निरोप न पोहोचल्याने घ्यायला कोणीच नव्हते. जात कळताच गाडीवान तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन गाडी स्वतः हाकावी लागली. वाटेत पाणीही मिळाले नाही. आज आपले माजी विद्यार्थी सातारा-सांगली रस्त्याने मोटारसायकलवर एकटे जातात. त्यांच्यासाठी हा धडा.

जीपीएस यंत्र किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून स्थान ठरवते; म्हणून ते हँडलवर, आकाश मोकळे राहील असे घट्ट बसवावे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर घ्यावा. धन तारेत बॅटरीजवळच फ्यूज घालावा. तार घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज उडतो, गाडी पेटत नाही. किल्ली बंद होताच प्रवाह थांबावा म्हणून रिले लावावा, अन्यथा बॅटरी उतरते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तार ताणत नाही ना, हे पाहावे. ऋण तार शेवटी जोडावी.

यंत्रामुळे वाट सापडते. त्या वाटेवर कोणालाही पाणी नाकारले जाऊ नये, हे पाहणे मात्र आपले काम आहे.