टीप आपली, ताळा मित्रांचा

वाचनालयाच्या ग्रंथावर रेघा ओढूं नयेत, असें आम्ही सोलापूरचे विद्यार्थी लहानपणापासून ऐकतों. किंडल या इ-ग्रंथांच्या साधनावर ती अडचण नाहीं. तेथें २०१६ पासून मराठी ग्रंथही मिळूं लागले. वाचक ओळ अधोरेखित करितो, टीप लिहितो. मूळ पान स्वच्छच राहतें. कांहीं ग्रंथांत एखादी ओळ किती वाचकांनीं निवडली, ती संख्याही इतरांस दिसते. परंतु संख्या म्हणजे निर्णय नव्हे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद माजले असतां श्रीएकनाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ते ताडून पाहिले व शुद्ध प्रत सिद्ध केली. तोच मार्ग आम्ही सुचवितों: प्रथम इतरांच्या खुणा झांकून वाचावें, आपली टीप लिहावी, मगच ती मित्रांच्या टिपांशीं ताडावी. आधींच दुसऱ्याची रेघ पाहिली, तर आपला विचार उगवतांच खुंटतो.