अंक निघतो त्या दिवशी सर्व्हरवर काय घडतं?



साहित्य मंडळाच्या अंकात सर्व्हरवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. पण अंक छापील असता तर कागद कोणता, बांधणी कशी, टपाल वेळेवर जाईल का, याची चौकशी आपण केलीच असती. ई-अंकाचा कागद, बांधणी आणि टपाल असं तिन्ही काम एकटा वेब सर्व्हर करतो. मंडळाच्या संकेतस्थळाची देखभाल सध्या मी बघतो. उद्या हे काम तुमच्यापैकी कुणाला तरी घ्यायचंय. म्हणून हा धडा, संगणकशास्त्र न शिकलेल्यांनाही कळेल अशा भाषेत.

एरवी आपल्या संकेतस्थळावर दिवसभरात मोजकेच वाचक येतात. अंक निघाला की दुवा व्हॉट्सॲपच्या गटांमधून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदला पोचतो, तसाच उदगीर, सोलापूर, हैदराबादलाही. मग पाच-दहा मिनिटांत सगळे एकदमच दार ठोठावतात. त्या वेळी पान उघडलं नाही तर शहरातला वाचक पुन्हा प्रयत्न करतो. पण घरात एकच फोन, तोही संध्याकाळी तासभर हाती येणारा, अशी जी विद्यार्थिनी आहे, तिचा अंक त्या दिवशी राहूनच जातो. सर्व्हरची मांडणी करताना माझ्या डोळ्यांसमोर ती असते.

१. सामान्य नियम आणि अपवाद

आपल्याकडे अपाची नावाचा सर्व्हर आहे. तो १९९५ पासून वापरात आहे आणि फुकट मिळतो. त्याचं वागणं साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं. फाइलीत सूचनांची नावं रोमन लिपीत असतात. मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो.

या सूचना वाचताना व्याकरणाचा तास आठवा. तिथे आधी उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम येतो आणि मग त्याला अपवाद. इथेही तसंच आहे. मुख्य फाइलीतली सूचना सर्व्हरवरच्या सगळ्या संकेतस्थळांना लागू होते. एखाद्या संकेतस्थळासाठी ‘व्हर्च्युअलहोस्ट’ या चौकटीत वेगळं लिहिलं, तर तेवढ्यापुरता अपवाद चालतो. मात्र काही सूचनांना अपवादच नाही. एकूण किती कामगार ठेवायचे, हे सबंध सर्व्हरसाठी एकदाच ठरतं. कारण स्मृती, म्हणजे रॅम, सगळ्यांची मिळून एकच असते.

२. खानावळीत जागा किती?

सर्व्हर म्हणजे खानावळ समजा. एकेक विनंती म्हणजे जेवायला आलेला माणूस आणि त्याची बसायची जागा म्हणजे सर्व्हरचा एक कामगार. एका वेळी जास्तीत जास्त किती जण बसतील, हे ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ ही सूचना ठरवते. ‘प्रीफोर्क’ नावाच्या जुन्या पद्धतीत तिचं मूळ मूल्य २५६ आहे.

नवख्याला वाटतं, आकडा वाढवला की जास्त लोक बसतील. जरा हिशेब करून बघू. समजा, रॅम १०२४ एमबी. त्यातले ४०० एमबी मूळ प्रणाली आणि डेटाबेस यांना गेले. उरले ६२४. एक कामगार ३० एमबी खात असेल, तर ६२४ भागिले ३० म्हणजे २० कामगार. बस्स, एवढीच जागा! २५६ कामगार उभे राहिले तर साडेसात हजार एमबीच्या वर लागतील. ते कुठून आणणार? मग सर्व्हर रॅमऐवजी डिस्क वापरू लागतो. डिस्क फार हळू. प्रत्येक विनंतीला वेळ लागतो, मागची गर्दी वाढते, आणि शेवटी प्रणाली जागा मोकळी करायला डेटाबेसच बंद पाडते. मग सगळेच उपाशी.

बीदरला नौबादेत बहमनी काळातली करेज आहे. जमिनीखालून पाणी आणणारा कालवा आणि त्यावर ठरावीक अंतराने खोदलेली उभी विवरं. विवरं कितीही खणा, पाणी झऱ्याला असेल तेवढंच मिळणार. सर्व्हरचंही तेच. आकडा वीसच ठेवला तर एकविसावा माणूस हाकलला जात नाही, तो बाहेरच्या रांगेत उभा राहतो. एका विनंतीला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागत असेल, तर वीस कामगार सेकंदाला शंभर विनंत्या उरकतात. रांग सरकत राहते.

३. जेवण झालं, तरी उठत नाही

आता दुसरा प्रश्न. वाचकाला पान दिलं की जोडणी लगेच तोडायची, की थोडं थांबायचं? ‘कीपअलाइव्ह’ चालू असेल तर सर्व्हर थांबतो, कारण त्याच वाचकाला अजून चित्रं, फॉन्ट हवे असतात. किती थांबायचं ते ‘कीपअलाइव्हटाइमआउट’ सांगतो. मूळ मूल्य ५ सेकंद.

प्रीफोर्क पद्धतीत हे पाच सेकंद महाग पडतात. माणूस जेवून झाल्यावर जागेवर बसूनच सुपारी कातरतोय, आणि दारात रांग! एका वाचकाची एकच जोडणी धरू. देण्याघेण्यात १ सेकंद, नुसतं बसण्यात ५, एकूण ६. वीस जागांवर सेकंदाला जेमतेम तीन नवे वाचक. बसणं २ सेकंदांवर आणलं तर सहा-सात.

मग कीपअलाइव्ह बंदच का करू नये? हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, आणि इथेच ती विद्यार्थिनी आठवायला हवी. नवी सुरक्षित जोडणी करायची म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यात निरोपांच्या दोन-तीन फेऱ्या होतात. चांगल्या नेटवर ते कळतही नाही. पण कमकुवत रेंजमध्ये एक फेरी ३०० मिलिसेकंदांची धरली, तर एका जोडणीला पाऊण सेकंदाच्या आसपास जातो, तोही प्रत्येक चित्रासाठी पुन्हा. म्हणजे सर्व्हरची सोय झाली, आणि तिचा भुर्दंड ज्याची रेंज सगळ्यांत वाईट त्याच्यावर पडला. हे मला पटत नाही.

यावर चांगला उपाय आहे. अपाचीच्या २.४ आवृत्तीपासून ‘इव्हेंट’ ही पद्धत पक्की झाली. तिच्यात जेवण झालेला माणूस ओसरीवर बसतो, आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळते. पुन्हा काही हवं असलं की तो आत येतो. मात्र पीएचपी अपाचीच्या आतच चालत असेल तर ही पद्धत वापरता येत नाही. पीएचपी-एफपीएम म्हणून ती वेगळी चालवावी लागते. तिथे पीएचपीच्या कामगारांची मर्यादा वेगळी लिहायची असते. रॅमचा वरचाच हिशेब तिथेही करायचा, विसरू नका.

४. टाइमआउट म्हणजे एकूण वेळ नव्हे

‘टाइमआउट’चं मूळ मूल्य ६० सेकंद आहे. पण याचा अर्थ साठ सेकंदांत अख्खं पान उतरलंच पाहिजे, असा नाही. पलीकडून काहीच हालचाल न होता किती वेळ वाट पाहायची, एवढंच ते सांगतं. रडतखडत का होईना, माहिती सरकत असेल तर हळू वाचकाची जोडणी तुटत नाही. म्हणून काही वितरणांत लिहिलेले ३०० सेकंद आपण ६० वर आणले, तरी गावाकडच्या वाचकाचं नुकसान होत नाही. उलट अडकून पडलेल्या जागा लवकर मोकळ्या होतात.

५. देवनागरीचं वजन

आपल्या लिपीचंही एक गणित आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला तीन. ‘बीदर’ म्हणजे ब, दीर्घ ईकार, द, र: चार गुणिले तीन, बारा बाइट. रोमन लिपीत पाच. कन्नड लिपीलाही तीनच बाइट लागतात, तेव्हा हे दुखणं दोन्ही शेजाऱ्यांचं आहे.

त्यावर औषध म्हणजे ‘डिफ्लेट’ हे मॉड्यूल. ते मजकूर दाबून पाठवतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट बहुधा सारखेच येतात, म्हणून आपला मजकूर छान दाबला जातो. चित्रं आणि डब्ल्यूओएफएफ-२ फॉन्ट मुळातच दाबलेले असतात; त्यांच्यावर पुन्हा मेहनत नको. त्यांना ‘एक्स्पायर्स’ सूचनेने मुदत द्यावी, म्हणजे फोन ते जपून ठेवतो आणि दुसऱ्या वेळी डेटा वाचतो.

आणि प्रत्येक वाचकासाठी तेच पान नव्याने कशाला रांधायचं? अंक एकदा निघाला की बदलत नाही. मराठी विकिपीडियाही तयार पानं राखून ठेवणारे कॅश-सर्व्हर पुढे ठेवतो. आपल्याला लेखांची तयार एचटीएमएल पानं करून ठेवली तरी पुरे.

६. आधी मोजा, मग बदला

एका वेळी एकच सूचना बदला. ‘कॉन्फिगटेस्ट’ चालवून फाइलीत चूक नाही ना, ते पाहा. मग ‘ग्रेसफुल’ पद्धतीने सर्व्हर नव्याने सुरू करा, म्हणजे वाचणाऱ्यांच्या जोडण्या मध्येच तुटत नाहीत. ‘स्टेटस’ मॉड्यूलच्या पानावर किती कामगार गुंतलेत ते दिसतं. ते पान बाहेरच्यांना मात्र उघडं ठेवू नका. आणि हे सगळं अंक निघायच्या आठवडाभर आधी. त्या संध्याकाळी फाइलीला हात लावायचा नाही.

स्वाध्याय

१. रॅम २०४८ एमबी, इतर कामांना ५४८ एमबी आणि एका कामगाराला ५० एमबी लागतात. कामगार किती ठेवाल?
२. ‘कळबुर्गी’ या शब्दाला यूटीएफ-८ मध्ये किती बाइट लागतील? मात्रा आणि हलन्त वेगळे मोजा.
३. आपल्या गावी, भरल्या संध्याकाळी, साध्या फोनवर हा अंक उघडा. पहिली ओळ दिसायला किती सेकंद लागले ते लिहून मंडळाकडे द्या.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ३० आणि २४. तिसऱ्याचं उत्तर माझ्याजवळ नाही, ते तुमच्याकडूनच यायचंय. पुढच्या अंकाची मांडणी त्या आकड्यांवरून ठरेल.