डीपीएफचा दिवा सारखा का लागतो?

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडी रोज जेमतेम चार किलोमीटर चालते. डीपीएफचा दिवा वरचेवर लागतो. इंजिन गेले का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा नाही. इंजिनाला पुरेसे तापायलाच मिळत नाही, हे खरे दुखणे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, आला. साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यासाठी अनेक गाड्यांत संगणक सिलिंडरमध्ये उशिराने जादा डिझेल फवारतो. नेमके तेव्हाच ऑफिस येते, गाडी बंद होते आणि हे अर्धवट राहिलेले काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते ते वेगळेच.

म्हणून गाडी सपाट जागी थंड असताना डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसले, डिझेलचा वास आला, तर आनंद मानू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. ते लगेच बदलावे, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेले कमी राखेचेच घालावे. राख जळत नाही, फिल्टरमध्ये कायमची बसते.

दिवा स्थिर असेल तर मोकळ्या हायवेवर वीस-तीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवावी, गिअर एक खालचा ठेवून. दिवा लुकलुकू लागला किंवा इंजिनाचा दिवाही लागला, तर थेट वर्कशॉप गाठावे. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर साफ नाकारावा. ते बेकायदा आहे आणि ती काजळी आपल्याच फुप्फुसांत जाते.