नादाची प्रयोगशाळा



संगीत हा शब्द उच्चारतांच आपल्या मनापुढें पेटी, सतार, तबला अथवा प्रार्थनामंदिरांतील ऑर्गन उभा राहतो. आगगाडीच्या चाकांची खडखड किंवा पत्र्याच्या दिव्यावर टिचकी मारली असतां उठणारा टणत्कार यांस आपण संगीत म्हणत नाहीं. त्यांची गणना गोंगाटांत करतों. परंतु संगीत व गोंगाट यांमधील ही सीमा कोणी आंखली? विसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांतील नभोवाणीच्या कांहीं सेवकांनीं हा प्रश्न स्वतःस विचारला, आणि त्याचें उत्तर वादविवादानें न देतां प्रयोगानें दिलें.

त्यांपैकीं एक पिअर शेफेर. हा पॅरिस येथील नभोवाणीचा अभियंता. १९४८ सालीं त्यानें बातिन्योल स्थानकावर जाऊन इंजिनांच्या शिट्या व चाकांचे आवाज तबकडीवर मुद्रित केले. तबकडीची खांच एके ठिकाणीं वर्तुळाकार बंद केली, म्हणजे सुई तेथेंच फिरत राहते व नादाचा तोच तुकडा पुनःपुन्हां ऐकूं येतो. अशा पुनरावृत्तीनें एक नवल घडतें : मन आगगाडीस विसरतें आणि केवळ लय ऐकूं लागतें. ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं फ्रेंच नभोवाणीवरून शेफेरचे असे पांच 'नादाभ्यास' श्रोत्यांनीं ऐकले.

इंग्लंडमध्यें डॅफ्नी ओरॅम नांवाची तरुणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बी. बी. सी. च्या नोकरींत शिरली. दिवसाचे कार्यक्रम आटोपल्यावर रिकाम्या दालनांत ध्वनिमुद्रणयंत्रें एकत्र आणून ती रात्रीं प्रयोग करीत बसे. तिच्या व डेस्मंड ब्रिस्को यांच्या खटपटीस १९५८ च्या एप्रिलमध्यें फळ आलें, आणि लंडनच्या मेडा व्हेल येथें 'रेडिओफोनिक वर्कशॉप' ही कार्यशाळा निघाली. नाटकें व शैक्षणिक कार्यक्रम यांसाठीं नवे नाद घडविणें हें तिचें काम. ओरॅमबाईंनीं दुसऱ्याच वर्षीं ती सोडून केंट परगण्यांत स्वतःची प्रयोगशाळा थाटली.

हें काम कसें चाले तें पाहूं. नाद चुंबकीय फितीवर मुद्रित करीत. फीत दुप्पट वेगानें चालविली तर स्वर एक सप्तक वर चढतो व त्याचा काळ निम्मा होतो. निम्म्या वेगानें चालविली तर स्वर तितकाच खालीं येतो. फीत सेकंदाला १५ इंच धांवत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंचांचा तुकडा! असे तुकडे मोजून, कापून, एकापुढें एक चिकटवावयाचे. म्हणजे येथें गवयाचा कान, गणित्याची मोजपट्टी आणि शिंप्याची कात्री, तिन्हींची गरज.

या कामांत डिलिया डर्बिशर हिनें विशेष प्रावीण्य मिळविलें. तिचा जन्म १९३७ सालीं कॉव्हेंट्री शहरांत झाला. महायुद्धांत त्या नगरावर बाँबवर्षाव झाला. तेव्हांचे भोंग्यांचे आवाज तिच्या बालमनावर कायमचे ठसले. पुढें केंब्रिज येथें तिनें गणित व संगीत यांचें अध्ययन केलें. एका ध्वनिमुद्रिका कंपनीकडे ती नोकरीस गेली असतां, 'आमच्या मुद्रणशाळेंत स्त्रिया घेत नाहींत' असें उत्तर तिला मिळालें. तिनें धीर सोडला नाहीं. १९६० सालीं ती बी. बी. सी. त आली व दोन वर्षांनीं या कार्यशाळेंत दाखल झाली. तेथील हिरव्या पत्र्याच्या एका दिव्याच्या छत्रीचा टणत्कार तिला फार प्रिय होता. त्याचे घटक स्वर निवडून ती त्यांतून नवीन नाद बांधी. १९६४ सालीं बॅरी बर्मेंज यांच्यासह तिनें 'द ड्रीम्स' हा नभोवाणी-कार्यक्रम रचला. सामान्य माणसांनीं आपल्या शब्दांत सांगितलेलीं स्वप्नें व विद्युत्-नाद यांची त्यांत गुंफण आहे.

तिची सर्वांत प्रसिद्ध कृति मात्र 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी-मालिकेचें १९६३ सालचें शीर्षकसंगीत. मूळ चाल रॉन ग्रेनर यांची. परंतु डिलियानें साहाय्यक डिक मिल्स यांच्यासह तिचा एकेक स्वर फितीवर घडविला. एकदां कोठेंतरी एक स्वर चुकला आणि तो सांपडेना. तेव्हां त्यांनीं फिती मार्गिकेंत लांबच लांब पसरून शेजारीं शेजारीं ताडून पाहिल्या व चूक हुडकून काढली! तें काम ऐकून ग्रेनर इतके प्रसन्न झाले कीं, श्रेयाचा वांटा तिला मिळावा अशी त्यांनीं इच्छा दर्शविली. परंतु संस्थेच्या नियमांप्रमाणें कार्यशाळेंतील सेवकांचीं नांवें जाहीर होत नसत. डिलिया २००१ सालीं निवर्तली. त्या मालिकेंत तिचें नांव पडद्यावर झळकलें तें २०१३ सालीं, म्हणजे रचनेनंतर ५० वर्षांनीं!

मित्रहो, आतां यंत्रें इतकीं सुलभ झालीं आहेत कीं, त्या मंडळींस जें करण्यास दिवसच्या दिवस लागत तें क्षणांत होतें. परंतु ऐकण्याचें काम कोणतेंही यंत्र आपल्यासाठीं करीत नाहीं. आज सायंकाळीं पांच मिनिटें डोळे मिटून खिडकीशीं बसा. घागरीवरील पळ्याचा नाद, रहाटाची कुरकुर, पावसाचे थेंब, जें जें कानीं पडेल तें वहींत लिहा. कोणता नाद उंच, कोणता खोल, कशांत लय आहे, तें शोधा. पालकांनींही या अभ्यासांत मुलांची सोबत करावी. आणि एखादें गोड गीत ऐकाल तेव्हां, ज्याचें नांव छापलें आहे त्याच्यामागें ज्यांचें नांव छापलेलें नाहीं असे कोणते हात राबले असतील, याचाही क्षणभर विचार करा. ज्यास हें ऐकूं आलें, त्याचा कान खरोखर तयार झाला असें समजावें.