जुनं कुंपण, जुनी शेड काढायला देताना


नवीन बांधकाम द्यायचं असलं की आपण चार ठिकाणी चौकशी करतो. जुनं काढायचं म्हटलं की मात्र पहिला भेटेल त्याला सांगून मोकळ्या होतो, "काढून टाक बाबा, भंगार तूच ने." इथंच गटाचा पैसा जातो. त्या भंगाराची किंमत ठेकेदाराला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

१. आधी मोजा, मग बोला
गटातल्या दोघीतिघींनी वही घेऊन जागेवर जावं. अँगल किती, तारेचे पदर किती, पत्रे किती, त्यातले धड किती, दारं-खिडक्या, वासे, सगळं लिहावं. एक अँगल काट्यावर ठेवला की बाकीच्यांचं वजन अंदाजाने निघतं. भंगाराचा त्या दिवसाचा भाव दोन ठिकाणी विचारावा. पुन्हा वापरता येईल ते आधीच बाजूला काढायचं ठरवावं.

२. स्वस्त कोण, ते हिशेबाने ठरवा
समजा, कुंपणाचे ४० अँगल आहेत आणि एकाचं वजन ६ किलो. म्हणजे २४० किलो लोखंड. भाव ३० रुपये धरला तर ७,२०० रुपये झाले.
पहिला ठेकेदार म्हणतो, "६,००० द्या, भंगार माझं."
दुसरा म्हणतो, "९,००० द्या, भंगार तुमचं."
ऐकायला पहिला स्वस्त. पण दुसऱ्याला ९,००० देऊन आपण ७,२०० चं भंगार विकलं, तर गटाचे जातात फक्त १,८००. पहिल्याकडे पूर्ण ६,००० जातात. फरक ४,२०० रुपयांचा!

३. उक्तं की रोजावर?
काम किती ते स्पष्ट असेल तर उक्तं द्यावं. रोजावर दिलं तर दोन दिवसांचं काम चार दिवस चालू शकतं. उक्त्यात काय काय येतं ते मात्र लिहून घ्या: अँगलच्या खालचं काँक्रीट उकरणं, खड्डे बुजवणं, राडारोडा उचलणं, तो कुठे टाकणार, काम किती दिवसांत संपवणार. "ते तर बोललंच नव्हतं" हे शेवटी ऐकायला नको.

४. हद्दीची खूण हलवू नका
कुंपण काढलं की शेजाऱ्याशी वाद उभा राहू शकतो. काढण्याआधी शेजाऱ्याला बोलवा, त्याच्यासमोर फोटो काढा, कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. मोजणीचे दगड असतील तर ठेकेदाराला आधीच दाखवा. ते उपटणं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे गुन्हा आहे.

५. जीव आधी
शेडला वीज असेल तर वायरमनकडून जोडणी आधी तोडून घ्या. सिमेंटचे जुने पत्रे फोडू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. पत्रे ओले करून अख्खेच उतरवायला सांगा. मुलं, शेळ्या लांब ठेवा. तारेचे तुकडे आणि खिळे गोळा झाल्याशिवाय जनावर तिथं सोडू नका. मजुराला लागलं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हेही आधी बोलून घ्या.

६. पैसे टप्प्याने
थोडी उचल, निम्मं काम झाल्यावर थोडे, आणि जागा साफ झाल्यावर बाकीचे. प्रत्येक वेळी सहीची पावती घ्या. ठेका देण्याचा ठराव बैठकीच्या वहीत लिहा. भंगार वजन करताना दोघी हजर राहा आणि आलेली रक्कम त्याच दिवशी जमेला धरा. ठेकेदार कुणाचा भाऊ असो वा दीर, कागद सगळ्यांना सारखाच. कागद असला की नात्यातही कडवटपणा येत नाही.

पुढच्या बैठकीत बोलूया
- आपल्या गटाकडे किंवा घरी पडून असलेलं लोखंड, लाकूड किती?
- मागच्या वेळी भंगार कुणी नेलं? त्याची नोंद वहीत आहे का?
- वरच्या हिशेबात भाव २० रुपये धरला तर कोणता ठेकेदार परवडेल? प्रत्येकीने आपापल्या वहीत करून आणावं.