धंदा एकट्याचा, कंबरही एकच



आपल्या चॅनलवर आपण भांडवल, उधारी, जीएसटी, पॅकिंग असं सगळं बोलतो. आज कंबरेवर बोलायचंय. विषय भरकटला असं समजू नका. साकोलीत हायवेच्या कडेनं एक चक्कर मारा आणि दुकानातल्या मालाऐवजी दुकानात बसलेल्या माणसाकडे बघा. शिलाई मशीनवर वाकलेली ताई, गल्ल्यामागे पाठीला उशी खोचून बसलेले काका, सेवा केंद्रात लॅपटॉपमध्ये नाक खुपसलेला पोरगा, नाश्त्याच्या गाडीवर ठेंगण्या ओट्याशी वाकून पीठ मळणारा भाऊ. यातल्या बहुतेकांचा धंदा एकखांबी आहे. खांब वाकला की शटर खाली.

साधा हिशोब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा शिवणकामातून रोजचे ६०० रुपये सुटतात. कंबर धरली म्हणून महिन्याचे तीन दिवस गेले, तर १,८०० रुपये गेले. वर्षाचे झाले २१,६००. त्यात गोळ्या, मलम, गाडीभाडं वेगळं. आणि लग्नसराईत ब्लाऊज वेळेवर मिळाला नाही म्हणून जे गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, ते तर कुठल्याच वहीत येत नाही.

आता मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "सर, कोणता पट्टा घेऊ?" नाहीतर मोबाईलवर जाहिरात दाखवतात, "हे कंबर ताणायचं मशीन कसं आहे?" मी स्वतः व्हिडिओ एडिटिंगपायी रात्र-रात्र बसून कंबर दुखवून घेतली, तेव्हा मीही पहिला पट्टाच आणला होता. तो आजही कपाटात आहे, म्हणून कुणाला हसायचा मला अधिकार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कंबरेचे पट्टे आणि वजन लावून ओढण्याचे उपचार हे दोन्ही नेहमीचा उपाय म्हणून देऊ नयेत असं सांगितलंय. व्यायाम, आणि आपल्या दुखण्याची नीट समज, या गोष्टी मात्र शिफारशीत आहेत. 'जुनाट' म्हणजे तीन महिन्यांच्या वर चाललेलं. याच संघटनेच्या आकड्यानुसार २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, तेव्हा आपण एकटे आहोत असंही नाही.

दुसरा प्रश्न, "एमआरआय काढू का?" साकोलीहून नागपूर शंभरेक किलोमीटर. एक दिवस बुडतो आणि पैसे जातात ते वेगळेच. धोक्याची लक्षणं असतील तर अजिबात थांबायचं नाही, ती पुढे सांगतो. पण ती नसतील तर एवढं लक्षात घ्या: ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय तपासणाऱ्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. दुखणं मात्र शून्य! म्हणजे रिपोर्टमध्ये 'गादी झिजली' लिहून आलं म्हणून दुकान विकायची गरज नाही. केसं पिकतात तशी गादीही पिकते.

आणि आराम? उसण भरली की आपल्याकडे सल्ला येतो, "आठ दिवस फळीवर झोप." हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. नव्यानं कंबर धरलेल्यांचे तीन गट केले होते. एकाला अंथरुणात आराम, दुसऱ्याला ठरावीक व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तेवढं रोजचं काम करत राहा. तिसरा गट सगळ्यात लवकर सुधारला. फळीचंही तसंच. २००३ मध्ये स्पेनमधल्या एका चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला.

घरातलंच सामान पुरतं

महाराष्ट्रात राहून या विषयात बी. के. एस. अय्यंगारांचं नाव न घेणं बरोबर होणार नाही. १९३७ साली ते पुण्यात आले आणि तिथलेच झाले. १९७५ मध्ये त्यांची रमामणि अय्यंगार योग संस्था सुरू झाली. त्यांच्या पद्धतीची खूण म्हणजे दोर, पट्टा, लाकडी ठोकळा, घडी केलेली घोंगडी, साधी खुर्ची. ज्याचं शरीर वाकत नाही त्याच्याजवळ ठोकळा आणायचा, शरीराला ठोकळ्यापर्यंत ओढत न्यायचं नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १६ आठवडे या पद्धतीचा योग जुनाट कंबरदुखीच्या लोकांकडून करून घेतला. त्यांचं दुखणंही कमी झालं आणि गोळ्याही. तो अभ्यास २००५ चा आहे.

म्हणून आपल्या यादीत पाच वस्तू: एक टॉवेल, एक सतरंजी, एक खुर्ची, एक भिंत आणि गरम पाण्याची पिशवी. पिशवीनं दुखणं मुळातून जात नाही, पण पंधरा मिनिटं शेकल्यावर अंग सैल होतं. त्या सैलपणात व्यायाम उरकून घ्यायचा.

वेळ महत्त्वाची आहे. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा वेळी खोल वाकलं की गादीवर जास्त ताण येतो. आणि आपण करतो काय? उठल्या उठल्या दुकान गाठतो, कंबरेत वाकून शटरचं कुलूप उघडतो आणि एका झटक्यात शटर वर. म्हणून उठल्यावर तासभर खोल वाकायचं टाळा, तेवढ्या वेळात चाला-फिरा. शटरपाशी गुडघ्यावर बसून कुलूप काढा, मग दोन्ही हातांनी, पायांच्या जोरावर वर करा. शटरला तेल घातलंय का? शेवटचं कधी घातलं होतं?

आता दहा मिनिटांचा क्रम. सतरंजीवर हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ हळू वर गोल करा, हळू खाली सोडा, सात-आठ वेळा. जोर लावायचा नाही, नुसतं वंगण फिरवायचं. मग पाठीवर झोपून एक गुडघा छातीशी घ्या, वीस-तीस सेकंद धरा, दुसऱ्या पायानं तसंच. नंतर टॉवेल तळपायाला अडकवून तो पाय सरळ वर न्या. मांडीची मागची बाजू ताणली जाईल. थरथर सुटेपर्यंत ओढायचं नाही. त्यानंतरचा प्रकार खुर्चीवर बसणाऱ्यांनी चुकवू नये. एक गुडघा घडी केलेल्या सतरंजीवर, दुसरं पाऊल पुढे, धड ताठ, आणि कंबर हळूच पुढे. दिवसभर बसून जांघेपुढचे स्नायू आखडतात आणि उभं राहिलं की तेच कंबरेला पुढे ओढतात.

पालथं झोपून कोपरांवर टेकायचं, जमलं तर तळव्यांवर छाती उचलायची आणि कंबर सैल सोडायची, या प्रकाराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे कंबर आणि पाय दुखणारा एक पेशंट होता. त्याला आत जाऊन टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. टेबलाचं डोकं आधीच्या कुणासाठी वर केलेलं होतं, तो तसाच त्यावर पाच-दहा मिनिटं मागे वाकून पडून राहिला. मॅकेन्झी धावत आले तर गडी म्हणतो, कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. पुढे त्यांनी त्यावर सगळी पद्धतच उभारली. त्यातला आपल्या कामाचा नियम असा: व्यायामानं पायातलं दुखणं वर सरकून कंबरेत गोळा होत असेल तर ती दिशा बरोबर, कंबर थोडी जास्त दुखली तरी. दुखणं खाली पोटरीकडे उतरायला लागलं तर थांबा, ती दिशा तुमची नाही. बसून-वाकून दुखणाऱ्यांना बहुतेकदा मागे वाकणं मानवतं. उतारवयात उभं राहिलं-चाललं की पाय भरून येतात आणि बसलं की बरं वाटतं, अशांना गुडघे छातीशी घेणं मानवतं. शेजाऱ्याला जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही.

नुसता ताण देऊन भागत नाही, ताकदही हवी. हात-गुडघ्यांवर राहून उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दहा सेकंद. मग उलट. आणि कुशीवर, कोपर-गुडघ्याच्या आधारानं कंबर उचलून दहा सेकंद. सुरुवातीला दोन्ही बाजूंना तीन-तीनदा पुरे. रोज अर्धा तास चालणं यात धरलेलं आहे. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे द्या. चौथ्या दिवशी "काही होत नाही सर" असा मेसेज करू नका.

दहा मिनिटांचा व्यायाम आणि दहा तासांचं काम

सकाळी दहा मिनिटं ताण दिला आणि मग दहा तास कंबर मोडत बसलो, तर कोण जिंकेल? त्यामुळे माझ्या मते निम्मा उपाय कामाच्या जागेत आहे.

उभ्यानं काम असेल तर कोपरात हात वाकवून जमिनीपासून कोपराची उंची मोजा. हलकं काम, म्हणजे पॅकिंग-लेबल, कोपराच्या थोडं खाली. मळणं-लाटणं असं जोराचं काम कोपराखाली वीतभर. ओटा ठेंगणा असेल तर पायांखाली विटा सरकवा, खर्च जवळजवळ शून्य. उभं राहताना एक पाय पाटावर ठेवा, दर थोड्या वेळानं पाय बदला.

शिवणकामाच्या ताईंनी बिनपाठीच्या स्टुलावर उशी घालून कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर आणावी, म्हणजे पाठीचा बाक आपोआप कमी होतो. घड्याळ लावून उठणं कुणाला जमत नाही, म्हणून युक्ती: बॉबिन संपली की उठायचं. उभं राहून हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाकायचं, मग नवी बॉबिन. सेवा केंद्रवाल्यांना हेच, प्रत्येक प्रिंट घ्यायला उठून जा. प्रिंटर हाताशी ठेवू नका. लॅपटॉप खोक्यावर ठेवून कीबोर्ड वेगळा जोडा. आणि आपल्या भागात सूप मांडीवर घेऊन तासन् तास बिड्या वळणाऱ्या बायका आहेत. त्यांनी भिंतीला टेकावं, ढुंगणाखाली चारपदरी सतरंजी घ्यावी आणि एक कट्टा बांधून झाला की उठावं.

आता धानाचा कट्टा. खरेदी केंद्रावर ४० किलोचा भरतो. अमेरिकेतल्या निओश या कामगार सुरक्षा संस्थेचं गणित असं की सगळं अनुकूल असताना, म्हणजे ओझं अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर, पिळवटणं नाही, तेव्हाही एकट्यानं उचलायची मर्यादा २३ किलो. कट्टा जमिनीवरून, अंगापासून लांब, एका कुशीला वळून उचलला तर मर्यादा आणखी खाली येते. "गुडघ्यात वाकून उचला" हे सगळेच सांगतात. पण अनेक चाचण्यांत दिसलंय की नुसतं उचलायचं शिक्षण देऊन कंबरदुखी कमी होत नाही. ओझंच कमी करावं लागतं. दुकानापुरता माल २०-२५ किलोच्या पोत्यांत मागवा, मोठं पोतं दोघांनी उचला, जड माल गुडघा ते कंबर या पट्ट्यातल्या फळीवर ठेवा, हलका माल खाली-वर. चाकांची हातट्रॉली घ्या. रोवणीच्या दिवसांत घरच्या शेतावर वाकून आलेल्यांनी त्या आठवड्यात गोदामातली उलथापालथ काढूच नये.

आता धोक्याची लक्षणं, इथे हिशोब करत बसायचं नाही. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं, लघवी अडणं, जांघेत-बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं (चालताना चप्पल निसटते, पंजा वर उचलत नाही) असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, आधी कॅन्सर झालेला असणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं यासाठीही डॉक्टर. संध्याकाळचा ताप आणि वजन उतरत असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही, आणि औषधानं बरा होतो. तरुण पोराची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहते आणि हालचाल केली की मोकळी होते, तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो, तपासून घ्या. मेडिकलमधून रोज वेदनाशामक गोळी घेऊन दुकान रेटणाऱ्यांनी हेही ऐका: त्या गोळ्या पोटाला आणि किडनीला लागतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा भंडाऱ्याला एकदा दाखवा, जमल्यास फिजिओथेरपिस्टकडून आपली दिशा कोणती ते समजून घ्या.

ज्यांचा धंदा अजून सुरूच व्हायचाय, त्यांना एक सोय आहे. मुद्रा किंवा पीएमईजीपीसाठी प्रकल्प अहवाल लिहाल तेव्हा यंत्रसामग्रीत मशीनचं कोटेशन असतंच. त्याच रकान्यात तुमच्या कोपराच्या मापाचं टेबल, पाठ असलेली खुर्ची आणि एक हातट्रॉली टाका. नंतर हे घ्यायला गल्ल्यातून पैसा निघत नाही, हे मी आपल्याच बॅचेसमध्ये बघितलंय. आज रात्री टेप घेऊन कोपराची आणि ओट्याची उंची मोजा, दोन्ही आकडे आणि कामाचा प्रकार खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातलीच काही मापं घेऊन प्रत्यक्ष ओटा लावून दाखवतो.